कॉलेज पुढे, पुणं मागे

मुठाकाठ (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या भाडेकरूंवरून रण माजलंय. 'विद्यार्थ्यांना फ्लॅट द्यायचा नाही' असा ठराव आणायचा घाट आहे. सोसायटी कोथरूडची. सगळ्यांत मोठा आवाज ज्या काकांचा आहे, ते स्वतः साताऱ्याहून इंजिनिअरिंगला आले आणि इथेच राहिले, हे विशेष. असो. त्या भांडणात मला पडायचं नाही, पण त्यावरून एक विषय डोक्यात घोळतोय, तो इथे टाकतो.

'पुणे हे विद्येचे माहेरघर' हे आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो. हवा चांगली, माणसं शिकलेली, म्हणून कॉलेजं इथे आली, असं त्यात गृहीत असतं. मला गोष्ट उलटी वाटते. कॉलेजं आधी गावाबाहेर माळावर जाऊन बसली आणि शहर त्यांच्यामागून फरपटत गेलं.

सुरुवात पेठेतच झाली, हे खरं. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, एल्फिन्स्टनने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पैसा कुठला? पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, त्यातला. राज्य गेलेल्या गावातले शास्त्री-पंडित बिथरू नयेत म्हणून केलेली ती तजवीज होती, विद्येचं प्रेम वगैरे नंतर. त्याच पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज झालं, मग डेक्कन कॉलेज, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याला गेलं. आज तिथल्या सिग्नलला तीनदा लाल दिवा बघणाऱ्याला पटणार नाही, पण तेव्हा येरवडा म्हणजे नदीपलीकडचं रान. टिळक आणि आगरकर त्या रानातच शिकले. शाळा काढायची, सरकारी नोकरी करायची नाही, हे त्यांचं ठरलं तेही तिथेच.

त्यातून १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. दहा वर्षांत फर्ग्युसननेही पेठ सोडली आणि भांबुर्ड्याच्या (आजचं शिवाजीनगर) माळावर टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसलं. डेक्कन जिमखाना क्लब १९०६ चा, म्हणजे कॉलेजानंतरचा. बंगले, कॉलन्या, हॉटेलं सगळं त्याच्याही नंतर. १९२४ ला निघालेलं लॉ कॉलेज पुढच्या टेकडीखाली गेलं. १९४९ ला विद्यापीठ गणेशखिंडीत, गव्हर्नराच्या बंगल्यात, चारशे एकरांहून मोठ्या आवारात. १९८३ नंतर इंजिनिअरिंग कॉलेजं कोथरूड, बिबवेवाडी, धनकवडीला. आणि आता लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस. प्रत्येक वेळी लोक म्हणाले असणार, 'एवढ्या लांब कोण जाणार?' आणि वीस-तीस वर्षांत तेच लोक तिथे टू बीएचके शोधत होते.

पुरावा हवा तर आपण पत्ता कसा सांगतो ते बघा. एफसी रोड, लॉ कॉलेज रोड, विद्यापीठ चौक. धनकवडी-कात्रजच्या रिक्षावाल्याला भारती विद्यापीठासाठी नुसतं 'भारती' म्हटलं तरी पुरतं. २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रोचा वनाजकडचा पहिला तुकडा सुरू झाला, तो संपत होता 'गरवारे कॉलेज' स्टेशनवर.

तुमच्या भागात आधी कोण आलं, कॉलेज की वस्ती? लिहा.

मंडईचा बोळ

लेख चांगला, पण निष्कर्ष ओढूनताणून. गाव कॉलेजामागे गेलं म्हणे! गाव गेलं कारण त्याला ढकललं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठा धुऊन निघाल्या. वाडे पडले. माणसं सहकारनगरला, गोखलेनगरला, जिथे जागा मिळाली तिथे गेली. त्यांना कुठल्या कॉलेजाचं काय पडलं होतं? आणि पिंपरीकडे काय कॉलेज होतं? तिकडे १९५४ ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, बजाज. अर्धं पुणं भोंग्यावर वाढलं, घंटेवर नाही.

बाकी आमच्या वाड्यात आजही आठ विद्यार्थी राहतात. भाडं वेळेवर देतात. घरचे देत नाहीत.

मुठाकाठ

@मंडईचा बोळ, पिंपरीचं मान्यच आहे, मी पुण्याच्या पश्चिमेबद्दल लिहिलंय. पानशेतचंही मान्य. पण पुरातून उठलेली माणसं गोखलेनगरला गेली म्हणजे कुठे गेली? लॉ कॉलेजच्या टेकडीमागे. टेकडीच्या अलीकडे तोवर रस्ता होता, दिवे होते, १९३३ मध्ये आलेला प्रभातचा स्टुडिओ होता (१९६० ला त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट झालं). पुराने ढकललं, बरोबर. पण वाट आधी पडलेली होती.

शेवटच्या वाक्याला दंडवत.

कॅम्पवाली

नेहमीप्रमाणे पुणं म्हणजे लकडी पुलाच्या अलीकडचं आणि पलीकडचं. स्टेशनच्या बाजूलाही माणसं शिकतात हो!

वाडिया कॉलेज १९३२ चं. माझ्या आईच्या वर्गात सत्तरच्या दशकात पारशी, सिंधी, गोवन, इराणहून आलेली मुलं, आफ्रिकेतली मुलं, आणि हडपसर-मांजरीहून सायकलवर येणारी शेतकऱ्यांची मुलं एका बाकावर होती. तिला फारसीतल्या दोन शिव्या आणि एक कविता अजून येते. कविता घरात म्हणते, शिव्या रिक्षावाल्यांना देते. 'तुम्ही कुठल्या?' हा प्रश्न तिकडे कुणी कुणाला विचारत नव्हतं, आणि पेठेत तोच पहिला विचारतात.

परदेशी विद्यार्थ्यांचा विषय निघालाच आहे तर, सिंबायोसिसची सुरुवातही त्यातलीच. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनला वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून डबा देत होती, ते त्यांनी पाहिलं. परगावाहून आलेल्या पोराला इथे विचारणारं कोणी नाही, या जाणिवेतून १९७१ मध्ये संस्था काढली, असं त्यांनीच अनेकदा सांगितलंय. आज त्या नावाच्या इमारती बघताना कुणाला त्या डब्याची आठवण येत असेल का, देव जाणे.

टेकडीवरून

कॅम्पवाली यांनी डब्याचं काढलं ते फार बरं केलं. धाग्यात इमारती खूप झाल्या, पोरं जेवत काय होती ते कोणी लिहिलं नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीत वार लावून जेवायची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं जमली तर आठवडा भरला, सहाच जमली तर एक दिवस चुरमुरे. काहीजण मधुकरी मागत. आपण आता ते फार हळवं होऊन सांगतो, पण त्यात अपमान भरपूर होता. कुणाकडे पाटावर, कुणाकडे ओटीवर, कुणाकडे मागच्या दाराशी, ते जातीवर आणि यजमानिणीच्या मूडवर. ज्याला वार मिळण्याची जातच नव्हती, त्याच्यासाठी पुण्याचं दार बंद होतं. विद्येच्या माहेरघरात माहेरपण ठरावीक लेकरांनाच होतं, हे धाग्यात कुठेतरी आलं पाहिजे.

पुढे वसतिगृहं निघाली. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, खेड्यातल्या गरीब मुलांसाठी. तिथे राहायचं तर झाडलोटीपासून कामं स्वतः करायची.

आणि एसटीचा डबा! भोर, सासवड, राजगुरुनगरकडची आई पहाटे भाकरी-कालवण करून डबा गावच्या स्टँडवर कंडक्टरकडे द्यायची. पोरगं स्वारगेटला किंवा शिवाजीनगरला गाडीची वाट बघत उभं. डब्यावर खिळ्याने नाव कोरलेलं, कडीला सुतळी, रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. गाडी लेट झाली तर पहिलं लेक्चर बुडायचं, आणि प्राध्यापकांना कारण सांगायची सोय नव्हती.

माजी हुजूरपागा

टेकडीवरून यांच्या प्रतिसादाला +१. 'ठरावीक लेकरं' यात लेकी तर नव्हत्याच. धागाकर्त्याने १८२१ वरून थेट १८६८ ला उडी मारली. मधलं १८४८ कुठे गेलं? जोतिराव-सावित्रीबाईंची भिडे वाड्यातली मुलींची शाळा बुधवार पेठेत, विश्रामबागवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि मजा बघा, १८५२ मध्ये सरकारने जोतिरावांचा सत्कार केला तो मेजर कँडीच्या हस्ते, त्याच विश्रामबागवाड्यात. ज्या दक्षिणेतून पाठशाळा चालत होती, त्याच फंडातून फुल्यांच्या शाळांनाही मदत मिळाली. पेठेतल्या मंडळींच्या घशाखाली ते किती उतरलं असेल! २०२३ च्या डिसेंबरात भिडे वाडा पाडला, स्मारकासाठी. तोपर्यंत तो ज्या अवस्थेत होता, ती बघून मान खाली घालून जावं लागायचं.

नंतर १८८४ ची आमची मुलींची शाळा, हुजूरपागा. आणि महर्षी कर्वे. १९०० मध्ये अण्णांनी हिंगण्याला झोपडीत विधवांचा आश्रम नेला. स्वतः फर्ग्युसनला गणित शिकवायचे आणि चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचे. १९१६ मध्ये तिथूनच महिला विद्यापीठ उभं राहिलं. त्या हिंगण्याला आज कर्वेनगर म्हणतात आणि तिथेच १९९१ मध्ये मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. तेव्हा धागाकर्त्याचा सिद्धांत मला मान्य, फक्त माळावर कोण का गेलं, हे बघा. फर्ग्युसन ऐसपैस जागेसाठी गेलं. अण्णांना गावात धड राहू देत नव्हते म्हणून ते गेले.

मुठाकाठ

@माजी हुजूरपागा, वा! 'का गेलं' हा प्रश्न मूळ लेखापेक्षा वजनदार आहे.

परभणीकर

मी माळावरचा नाही, पेठेतला विद्यार्थी. म्हणजे तुमच्या सिद्धांताचं उलटं उदाहरण. पुणेकर पेठा सोडून कोथरूड-बाणेरला गेले आणि त्या रिकाम्या खोल्यांत आम्ही घुसलो. सदाशिव, नारायण, नवी पेठ, शास्त्री रोड. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली स्पर्धा परीक्षेची पोरं. कॉलेज नाही, हजेरी नाही, युनिफॉर्म नाही, तरी हे पुण्यातलं एक मोठं कॉलेजच आहे.

अभ्यासिका बघितली नसेल तर एकदा बघा. वाड्याचा दुसरा मजला किंवा बिल्डिंगचं पार्किंग. प्लायवूडची खोपटी, प्रत्येकात एक ट्यूब, एक पॉइंट, एक खुर्ची. फिक्स टेबल हवं तर जादा पैसे. समोरच्या प्लायवर वेळापत्रक, त्याच्याखाली आधीच्या पोराचं वेळापत्रक, त्याच्याखाली त्याच्याही आधीच्याचं. कोपऱ्यात पेनने कोरलेलं 'पीएसआय'. खुर्चीला गादी बांधलेली आणि गादीला नाव. चप्पल बाहेर, मोबाइल सायलेंट, आणि रात्री अकराला सगळे खाली टपरीवर. तिथे जे राजकारण बोललं जातं, ते टीव्हीवाल्यांनी ऐकावं.

मेस आठवड्यातून तेरा वेळा. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गुलाबजाम आणि पुलाव, आणि संध्याकाळी बंद. पुण्यातली रविवार संध्याकाळ गावाकडच्या पोराला खायला उठते. वडापाव खा, नाहीतर रूमवर मॅगी.

मार्च २०२१ ला पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली. शास्त्री रोडवर आम्ही सगळे रस्त्यावर बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा पुणेकरांना कळलं की आपल्या पेठेत एवढी पोरं राहतात. त्याआधी लॉकडाऊनमध्ये खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा घरमालकांना कळलं होतं म्हणा.

खोल्यांवरच्या पाट्यांचं लोक कौतुक करतात. आमच्या जिन्यात होती: 'गरम पाणी सातपर्यंत. नंतर उठणाऱ्याने थंड पाण्याने अभ्यासाची सवय करावी.' वाचायला मजा येते. जानेवारीत अंघोळ करायला नाही येत.

चिमणराव

+१११. पाटी भारी.

८३ची बॅच

कोथरूडच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या काही बॅचेसपैकी मी. वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. तोपर्यंत पुण्यात इंजिनिअर व्हायचं म्हणजे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, सीओईपी. १८५४ पासूनचं, विश्वेश्वरय्या शिकले ते. तिथे नंबर लागला नाही की बीएस्सी करा नाहीतर कर्नाटकात जाऊन डोनेशन भरा. मग अचानक दारं उघडली. 'शिक्षणसम्राट' म्हणून आम्ही सगळ्यांनी नावं ठेवली, आजही ठेवतो, पण माझ्या वडिलांनी जमिनीचा तुकडा विकून फी भरली आणि घरात पहिला इंजिनिअर झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तेव्हाचं कोथरूड म्हणजे पावसाळ्यात गुडघाभर चिखल, बस आली तर आली. आम्ही कॉट बेसिसवर राहायचो. एका खोलीत चार कॉट, कॉटखाली ट्रंक, ट्रंकेत जर्नल्स. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची आणि वर कुणाच्या चपला वाजल्या हे पायाच्या आवाजावरून ओळखायची.

माझा मुद्दा वेगळा आहे. आधीचा विद्यार्थी शिकून परत जायचा. मामलेदार, मास्तर, वकील होऊन आपापल्या जिल्ह्यात. पुणं त्याला शिकवायचं आणि सोडायचं. आमच्या नंतरच्या बॅचेसपासून हे बंद झालं. हिंजवडीचं आयटी पार्क झालं, नोकरी इथेच, लग्न इथेच, आणि सातारा-सांगलीची घरं म्हाताऱ्यांची झाली. पुणं फुगलं ते कॉलेजांमुळे नाही, कॉलेजातून बाहेर पडलेली माणसं परत न गेल्यामुळे. त्यात मीही आहे.

मंडईचा बोळ

८३ची बॅच यांनी एका परिच्छेदात धागाकर्त्याचा लेख निकालात काढला.

मुठाकाठ

निकालात कसला, पुढे नेला. फर्ग्युसनमागे बंगले यायला तीस वर्षं लागली आणि कोथरूड बघता बघता भरलं. फरक का पडला, याचं उत्तर त्यात आहे.

एबीसीचा गठ्ठा

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांचा धंदा आहे, तिथून दोन शब्द. तुम्ही इतिहासाची वर्षं सांगताय, आम्ही विद्यापीठाचे 'पॅटर्न' मोजतो. २००८ पॅटर्न, २०१२, २०१५, २०१९. पॅटर्न बदलला की गोडाऊनमधले गठ्ठे एका रात्रीत रद्दी. गणित टिकतं, मेकॅनिक्स थोडं टिकतं, कॉम्प्युटरची पुस्तकं दुधासारखी नासतात.

पूर्वी एकच पुस्तक चार-पाच हातांतून फिरून आमच्याकडे यायचं. समासात पेन्सिलीने 'इम्पॉर्टंट' लिहिलेलं पुस्तक पोरं जास्त पैसे देऊन घ्यायची, कारण टॉपरची खूण. आता पीडीएफ. जूनमध्ये शालेय पुस्तकांची गर्दी असते तेवढीच, बाकी वर्षभर स्पर्धा परीक्षावाल्यांवर दुकान चालतं. परभणीकर, तुमच्यावर.

तिसरी घंटा

कॉलेजांचं पुणं म्हणताय आणि पुरुषोत्तमचा उल्लेख नाही? हा धागा मी धागाच मानत नाही.

१९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका, भरत नाट्य मंदिर, पावसाळा. जुलै उजाडला की कॉलेजच्या पोर्चमध्ये तालीम, वॉचमनची मनधरणी, 'सर अजून दहा मिनिटं'. सेटवाला नाही, पैसे नाहीत, कॉट घरून आणायची. आणि प्रयोगाआधी थिएटरमध्ये 'अरे आव्वाज कुणाचा!' ज्याने ते ऐकलं नाही त्याने पुण्यात कॉलेज केलं नाही. इंजिनिअरिंगची पोरं त्यात नेहमी जास्त, याचं कारण सबमिशन टाळायला यापेक्षा सभ्य निमित्त नाही.

वैशाली हॉटेलच्या कट्ट्याबद्दल कुणीतरी लिहिणार हे माहीत आहे, म्हणून मी लिहीत नाही.

कॅम्पवाली

लिहू नकाच. वेटिंग आधीच खूप असतं.

नांदेडची मावशी

धागा वाचून मजा आली, पण माझं काम वेगळं आहे. भाच्याचा नंबर पुण्यात लागलाय, कॉलेज धनकवडीकडे. बहीण म्हणते सदाशिव पेठेत ओळखीच्यांकडे खोली आहे, तिथेच ठेवू, 'वातावरण' चांगलं. कोणी सांगेल का?

परभणीकर

मावशी, पेठेत ठेवू नका. वातावरण आमच्यासारख्यांना ठीक आहे. त्याला रोज धनकवडीला जायचंय, सकाळच्या बसमध्ये अर्धा जीव जाईल. कॉलेजच्या आसपासच बघा, मागच्या गल्ल्यांत खोल्या मिळतात. एजंटाला एका महिन्याचं भाडं देण्याआधी पोराने स्वतः जाऊन संध्याकाळी पाणी येतं का बघावं. सकाळी सगळीकडे येतं. डिपॉझिटची पावती, अकरा महिन्यांचा करार, दोन्ही कागदावर. मेसचं कार्ड पहिल्यांदा आठवड्याचं घ्यायचं, महिन्याचं नाही, आणि खाडे किती धरतात ते आधीच विचारायचं. गावाला गेलं की तिथेच पैसे बुडतात.

आणि रविवार संध्याकाळसाठी घरून लाडू-चिवडा द्या. बाकी तो बघून घेईल.